पडद्यामागची गर्दी

चार गिगाबाइट रॅम, मिनिटाला ५४०० फेरे घेणारी हार्ड डिस्क आणि त्यावर विंडोज १०. या जोडणीचे संगणक आजही आपल्याकडे घरोघरी, वाचनालयांत, पतसंस्थांत, शाळांच्या कार्यालयांत आणि सेवा केंद्रांत रोजचे काम करत आहेत. बटण दाबल्यावर डेस्कटॉप दिसतो खरा, पण त्यानंतर पाच-दहा मिनिटे पडद्यावरचे निळे वर्तुळ फिरतच राहते. अशा वेळी ओळखीतला कोणी जाणकार एक यादी पाठवतो: सर्व्हिसेसची खिडकी उघडा, या वीस सर्व्हिस ‘डिसेबल्ड’ करा, संगणक पळायला लागेल. यादीतल्या निम्म्या नावांचा अर्थ पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसतो. तरीही त्या सल्ल्यात तथ्य आहे. ते किती आहे, कुठे लागू पडते आणि कुठे अंगाशी येते, हे समजून घेतले तर जुन्या संगणकाची आणखी दोन-तीन वर्षे सुखाने जाऊ शकतात.

सर्व्हिस म्हणजे स्वतःची खिडकी नसलेला प्रोग्रॅम. तुम्ही पासवर्ड टाकण्याआधीच तो सुरू झालेला असू शकतो आणि तुम्ही लॉग-ऑफ केल्यावरही तो चालू राहतो. छपाईची कामे रांगेला लावणे, वाय-फायची जोडणी सांभाळणे, घड्याळ जुळवणे, व्हायरसवर नजर ठेवणे ही कामे असेच प्रोग्रॅम करतात. ही रचना १९९३ साली आलेल्या विंडोज एनटीपासूनची आहे. ‘सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर’ नावाचा एक मुकादम प्रोग्रॅम कोणाला केव्हा उठवायचे ते ठरवतो. प्रत्येक सर्व्हिसच्या नावापुढे तिचा प्रकार लिहिलेला असतो: ऑटोमॅटिक असेल तर ती संगणकाबरोबरच उठते, मॅन्युअल असेल तर कोणी हाक मारली की उठते, आणि डिसेबल्ड असेल तर कोणी कितीही हाका मारल्या तरी उठत नाही.

सर्व्हिस बंद करण्याचा सल्ला विंडोज एक्सपीच्या काळात रुजला, आणि त्या काळी तो रास्तच होता. २००१ साली आलेल्या एक्सपीची किमान गरज ६४ मेगाबाइट रॅमची होती. एवढ्याशा जागेत पाच-सहा मेगाबाइट वाचले तरी फरक जाणवे. त्यातच घरातल्या माणसाला कधीच लागणार नाहीत अशा सर्व्हिसही मूळ मांडणीत चालू असत. ‘मेसेंजर’ नावाची एक सर्व्हिस कार्यालयातल्या संगणकांनी एकमेकांना सूचना पाठवाव्यात म्हणून होती, पण जाहिरातदारांनी तिच्यातून थेट लोकांच्या पडद्यावर चौकटी उघडायला सुरुवात केली. ऑगस्ट २००३मध्ये ब्लास्टर आणि पुढच्या वर्षी सॅसर हे दोन वर्म विंडोजच्या पडद्यामागच्या यंत्रणांमधल्या फटींतूनच जगभर पसरले. म्हणजे अनावश्यक सर्व्हिस बंद करण्यात वेगही होता आणि सुरक्षाही. ‘ब्लॅक वायपर’ या टोपणनावाने प्रसिद्ध होणाऱ्या, प्रत्येक सर्व्हिस काय करते आणि कोणती बंद चालेल हे सांगणाऱ्या तक्त्यांना तेव्हा मोठी मागणी होती. आज फिरणाऱ्या बऱ्याच याद्या त्याच वंशातल्या आहेत.

पण दरम्यान विंडोज बदलले. एक्सपीच्या ऑगस्ट २००४मधल्या सर्व्हिस पॅक २मध्ये मायक्रोसॉफ्टने मेसेंजर सर्व्हिस स्वतःच बंद करून टाकली. व्हिस्टामध्ये ‘डिलेड स्टार्ट’ आले, म्हणजे ज्या सर्व्हिसची घाई नाही तिने संगणक सुरू झाल्यावर साधारण दोन मिनिटे थांबायचे. विंडोज ७मध्ये ‘ट्रिगर स्टार्ट’ आले, म्हणजे एखादे उपकरण जोडले किंवा नेटवर्क मिळाले तरच संबंधित सर्व्हिस उठते आणि काम झाले की निजते. एक्सपीच्या काळात माणसाने हाताने करायचे काम आता बरेचसे विंडोजच करते.

त्यामुळे आज सर्व्हिसेसची खिडकी उघडून दोनशेहून अधिक नावे पाहिली की छातीत धस्स होण्याचे कारण नाही. रेशन दुकानाच्या नोंदवहीत हजार शिधापत्रिका असल्या म्हणून दुकानासमोर गर्दी असतेच असे नाही. खोळंबा होतो तो रांगेत उभ्या असलेल्यांमुळे. निजलेली सर्व्हिस प्रोसेसरचा वेळ जवळजवळ घेतच नाही. थोडी रॅम अडवते, आणि रॅमची टंचाई झाली की विंडोज तीही काढून घेते. टास्क मॅनेजरमध्ये ‘एसव्हीसीहोस्ट’ या एकाच नावाच्या साठ-सत्तर ओळी पाहून व्हायरस आला असे अनेकांना वाटते. त्याचेही साधे कारण आहे. पूर्वी अनेक सर्व्हिस एकाच प्रक्रियेत कोंबल्या जात. २०१७च्या क्रिएटर्स अपडेटपासून, साडेतीन गिगाबाइटपेक्षा जास्त रॅम असेल तर, विंडोज बहुतेक सर्व्हिसना स्वतंत्र प्रक्रिया देते. एक कोलमडली तर बाकीच्या वाचतात, आणि कोण किती खातो तेही वेगवेगळे दिसते. त्या ओळींची संख्या वाढली ती यामुळे.

मग संगणक मंद का होतो? बहुतेक जुन्या संगणकांत उत्तर हार्ड डिस्कमध्ये सापडते, आणि ते आकड्यांतूनच नीट कळते. मिनिटाला ५४०० फेरे म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात, म्हणून हवी ती जागा वाचनशीर्षाखाली येईपर्यंत सरासरी साडेपाच मिलिसेकंद जातात. त्याआधी ते शीर्ष योग्य वर्तुळावर सरकायला आणखी दहा-बारा. म्हणजे डिस्कवर विखुरलेले तुकडे वाचायचे असतील तर सेकंदाला साठेक तुकडेच वाचून होतात. प्रत्येक तुकडा चार किलोबाइटचा धरला तर सेकंदाला जेमतेम अडीचशे किलोबाइट. हीच डिस्क एखादा सलग चित्रपट वाचताना सेकंदाला शंभर मेगाबाइटपर्यंत देते! हा हिशेब ढोबळ आहे, पण दुखणे नेमके इथेच आहे. सुरू होताना अँटिव्हायरस, अपडेट, शोधसूची, वनड्राइव्ह, प्रिंटरचा सहायक आणि व्हिडिओ बैठकांचा प्रोग्रॅम हे सगळे एकाच वेळी डिस्कच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतले तुकडे मागतात. शीर्ष इकडून तिकडे धावत राहते. प्रोसेसर रिकामा बसलेला असतो आणि तुम्ही वर्ड उघडायची वाट पाहत असता.

रॅम कमी असेल तर यात आणखी एक भर पडते. जागा संपली की विंडोज रॅममधला काही भाग डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ठेवते आणि लागेल तसा परत आणते. ही सगळी ने-आणही त्याच मंद डिस्कवरून. म्हणून टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते आणि प्रत्यक्ष वाचन-लेखनाचा वेग सेकंदाला एक-दोन मेगाबाइटच असतो, तेव्हा नुसती डिस्क पाहून भागत नाही. शेजारचा रॅमचा रकानाही पाहावा. तो नव्वदच्या पुढे असेल तर मूळ टंचाई रॅमची असते आणि तिची झळ डिस्कला लागत असते.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की काहीही बंद करण्याआधी रांगेत कोण उभे आहे ते पाहा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. ‘मोअर डिटेल्स’वर जाऊन डिस्कच्या रकान्यावर क्लिक करा, म्हणजे सर्वांत जास्त वापरणारा सर्वांत वर येईल. मग सीपीयू, मग मेमरी. संगणक सुरू झाल्यावर लगेच एकदा आणि अर्ध्या तासाने पुन्हा पाहा. दोन्ही वेळा वर असणारे नाव खरे संशयित. अधिक खोलात जायचे असेल तर रिसोर्स मॉनिटरमध्ये कोणता प्रोग्रॅम कोणती फाइल वाचतो आहे हेही दिसते. आणि सुरू व्हायला नेमका किती वेळ लागतो याची नोंद विंडोज स्वतःच ठेवते: इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स या वाटेने गेले की १०० क्रमांकाच्या नोंदीत तो वेळ मिलिसेकंदांत लिहिलेला असतो, आणि १०३ क्रमांकाच्या नोंदीत उशीर करणाऱ्या सर्व्हिसचे नाव. ‘थोडा हलका वाटतोय’ या समाधानापेक्षा हा आकडा किती उतरला ते पाहणे कधीही चांगले.

पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जो संगणक आठ-पंधरा दिवसांनी एकदा उघडला जातो, तो उघडल्यावर सर्वांत मंद असतो. विंडोज १०ची देखभालीची ठरलेली वेळ रात्री दोनची असते. संगणक तेव्हा बंद असतो, म्हणून ते काम पुढच्या रिकाम्या वेळेसाठी तुंबून राहते. त्यात आठवडाभराची अपडेट, व्हायरसच्या नव्या नोंदी, स्टोअरमधली ॲप्स आणि शोधसूचीची भर. असा संगणक बिघडलेला नसतो. चार्जर लावून, नेट जोडून तासभर स्वस्थ चालू ठेवला की तो आपोआप शांत होतो. निवृत्त आई-वडिलांच्या लॅपटॉपबद्दलच्या निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटतात असे माझे मत आहे.

आता प्रत्यक्ष काय थांबवायचे. सुरुवात सर्व्हिसपासून करूच नये. टास्क मॅनेजरमध्येच ‘स्टार्टअप’ हा भाग आहे, तिथे लॉग-इनबरोबर उठणारे प्रोग्रॅम दिसतात. गाण्यांचे ॲप, बैठकांचे ॲप, गेमचे लाँचर, फोन जोडण्याचे सॉफ्टवेअर: यांपैकी काहीही सकाळी सकाळी आपोआप उठायला नको. इथे ‘डिसेबल’ केल्याने प्रोग्रॅम पुसला जात नाही, तुम्ही स्वतः उघडाल तेव्हा तो नेहमीसारखाच उघडतो. त्यामुळे इथे हात आखडता घेण्याचे कारण नाही.

त्यानंतर विंडोजमधलेच एमएसकॉन्फिग हे साधन. त्यातल्या सर्व्हिसेसच्या भागात खाली ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’ अशी एक चौकट आहे. मला ही चौकट सगळ्या याद्यांपेक्षा मोलाची वाटते. तिच्यात खूण केली की दोनशे नावांतून दहा-वीसच उरतात, आणि ती सगळी बाहेरून आलेली असतात: पीडीएफ वाचकाचा अपडेटर, ब्राउझरचा अपडेटर, लॅपटॉप कंपनीचे चार सहायक, दोन वर्षांपूर्वी विकून टाकलेल्या प्रिंटरचा एखादा. लॅपटॉपबरोबर फुकट आलेला आणि मुदत संपलेला अँटिव्हायरसही बहुधा इथेच सापडतो. तो नुसता थांबवू नये, रीतसर काढून टाकावा, म्हणजे विंडोजचा स्वतःचा डिफेंडर जागा घेतो. दोषी कोण ते कळत नसेल तर निम्मी नावे बंद करून रीस्टार्ट करा. फरक पडला तर दोषी त्या निम्म्यांत, नाही तर उरलेल्यांत. सोळा नावे असतील तर चार वेळा रीस्टार्ट करून एकावर बोट ठेवता येते. आणखी बारकाईने पाहायचे असेल तर ‘ऑटोरन्स’ हे फुकट साधन आहे. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांच्या सिसइंटर्नल्सचे ते काम. २००६ साली मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली. संगणकाबरोबर आपोआप उठणारी झाडून सगळी नावे त्यात एकत्र दिसतात.

मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सर्व्हिसपैकी विचार करण्याजोग्या थोड्याच आहेत. फॅक्स, एक्सबॉक्सच्या तीन-चार, डाउनलोडेड मॅप्स मॅनेजर यांना थांबवल्याने कोणाचे अडत नाही, पण त्या बहुधा निजलेल्याच असतात, म्हणून वेगातही काही फरक पडत नाही. वापराची माहिती मायक्रोसॉफ्टला पाठवणारी ‘कनेक्टेड यूजर एक्स्पीरियन्सेस अँड टेलिमेट्री’ मात्र जुन्या डिस्कवर अधूनमधून बरीच खडखड करते. ती थांबवायला हरकत नाही. ‘सिसमेन’चे प्रकरण जरा नाजूक आहे. व्हिस्टात ती ‘सुपरफेच’ नावाने आली. तुम्ही कोणते प्रोग्रॅम वारंवार उघडता हे लक्षात ठेवून ती त्यांच्या फाइली आधीच रॅममध्ये आणून ठेवते. कल्पना उत्तम आहे, पण रॅम चारच गिगाबाइट आणि डिस्क फिरती असेल तर ही आगाऊ तयारीच सुरुवातीची दहा मिनिटे खाते. अशा संगणकावर ती थांबवून दोन-तीन दिवस पाहावे. सुरुवात हलकी होते, पण नेहमीचा प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडायला किंचित जास्त वेळ लागतो. कोणते परवडते ते वापरणाऱ्याने ठरवायचे.

‘विंडोज सर्च’ सरसकट बंद करू नये, विशेषतः आउटलुकमध्ये जुनी पत्रे शोधावी लागत असतील तर. त्याऐवजी इंडेक्सिंगच्या मांडणीत जाऊन फोटो-व्हिडिओंची मोठी फोल्डर वगळावीत. शोध टिकतो आणि ओझे उतरते. ‘प्रिंट स्पूलर’ वेगासाठी नाही, पण सुरक्षेसाठी विचारात घ्यावी. जुलै २०२१मध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेली फट याच सर्व्हिसमध्ये होती आणि दुरुस्ती हाती येईपर्यंत स्पूलर थांबवा असा सल्ला मायक्रोसॉफ्टनेच दिला होता. मात्र घरात प्रिंटर नसला तरी ‘प्रिंट टू पीडीएफ’ याच सर्व्हिसवर चालते. तिकिटाची किंवा बिलाची पीडीएफ करण्याची सवय असेल तर तिला हात लावू नये.

इथेच परदेशी याद्यांचा धोका दिसतो. त्या लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्याचा स्वतःचा संगणक असतो, आपल्याकडचे काम नसते. त्यांत ‘स्मार्ट कार्ड’ ही सर्व्हिस डोळे मिटून बंद करायला सांगतात, कारण तिकडच्या घरगुती वापरात ती लागत नाही. आपल्याकडे निविदा भरणारा ठेकेदार किंवा विवरणपत्रे भरणारा कर सल्लागार डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन वापरतो, आणि अशी अनेक टोकने याच सर्व्हिसच्या आधाराने ओळखली जातात. ऐन शेवटच्या तारखेला टोकन दिसेनासे झाले की माणूस ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसतो आणि दोष असतो भलतीकडे. आपले सरकार सेवा केंद्रात बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्रासोबत ‘आरडी सर्व्हिस’ येते. ती त्याच संगणकावर ११,१०० ते ११,१२० या पोर्टांपैकी एकावर कान लावून बसलेली असते, आणि ब्राउझर ठसा मागतो तो तिच्याकडेच. तीही बाहेरून आलेली असल्यामुळे एमएसकॉन्फिगच्या त्या छोट्या यादीत दिसते. वर सांगितलेली निम्मी-निम्मी युक्ती केंद्रावर वापरायची असेल तर ती आधी बाजूला काढून ठेवावी. टॅलीच्या परवान्याचा गेटवे सर्व्हरही तसाच.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक इशारा. याद्यांमध्ये ‘टच कीबोर्ड अँड हँडरायटिंग पॅनल’ ही सर्व्हिस हमखास असते, कारण पडदा स्पर्शाचा नसेल तर ती कशाला हवी असे वाटते. विंडोज १०मध्ये भाषा आणि कळफलक सांभाळणारी यंत्रणा तिच्याशी जोडलेली आहे. ती डिसेबल्ड केली की स्टार्टच्या शोधचौकटीत इंग्रजी अक्षरसुद्धा उमटेनासे होऊ शकते, मग मराठी फोनेटिक कळफलकाची गोष्टच सोडा. रिमोट प्रोसिजर कॉल, डीकॉम सर्व्हर प्रोसेस लाँचर, यूजर प्रोफाइल सर्व्हिस, क्रिप्टोग्राफिक सर्व्हिसेस, इव्हेंट लॉग यांच्या वाटेला तर जाऊच नये. पहिल्या दोहोंवर जवळजवळ सगळे विंडोज उभे आहे.

आणि विंडोज अपडेट. मंद संगणकाचा राग सर्वांत आधी तिच्यावर निघतो, आणि ती कायमची बंद करून देणारी माणसेही भेटतात. पण १२ मे २०१७ला वॉनाक्राय नावाच्या वर्मने जगभरच्या संगणकांतल्या फाइली कुलूपबंद केल्या. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिले होते. दोन महिने ते न घेतलेल्या संगणकांनी किंमत मोजली. जूनमध्ये आलेल्या नॉटपेट्याने इतर मार्गांबरोबर तीच फट वापरली, आणि तेव्हा उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे कामही ठप्प झाले होते. अपडेटचा त्रास कमी करायला इतर उपाय आहेत. वाय-फाय ‘मीटर्ड कनेक्शन’ म्हणून नोंदवले की मोठी डाउनलोड आपोआप सुरू होत नाहीत. मग महिन्यातून एखाद्या निवांत दिवशी ती खूण काढून सगळे एकदम घ्यावे. डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमध्ये दुसऱ्या संगणकांशी देवाणघेवाण बंद करावी. मोबाइलच्या डेटावर चालणाऱ्या घरात याने डेटाही वाचतो.

सर्व्हिस थांबवायची ठरलीच तर काही पथ्ये पाळावीत. आधी रिस्टोअर पॉइंट करून ठेवावा. सर्व्हिसचे नाव आणि तिचा मूळ प्रकार कागदावर लिहावा. संगणकातच लिहून ठेवला आणि तोच सुरू झाला नाही तर उपयोग काय? ‘डिपेन्डन्सीज’ या भागात तिच्यावर आणखी कोण अवलंबून आहे ते पाहावे. शक्य तिथे डिसेबल्डऐवजी मॅन्युअल निवडावे, म्हणजे खरोखर गरज पडली तर विंडोज तिला उठवू शकते. एका वेळी एकच बदल करावा. आणि तपासताना शट डाउन न करता रीस्टार्ट करावे. विंडोज ८पासून ‘फास्ट स्टार्टअप’मध्ये शट डाउन पूर्ण होत नाही. तुमच्या खिडक्या बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि चालू सर्व्हिस जशाच्या तशा डिस्कवर लिहून ठेवल्या जातात आणि सकाळी तिथूनच पुढे सुरू होतात. कोरी सुरुवात फक्त रीस्टार्टने होते. रोज रात्री बंद करूनही संगणक जडच का राहतो, याचे उत्तर अनेकदा एवढेच असते.

‘एका क्लिकमध्ये वेग’ देणारे प्रोग्रॅम घेऊ नयेत. ते स्वतःच सर्व्हिस होऊन मागे बसतात आणि रांगेत एकाची भर घालतात. एमएसकॉन्फिगमध्ये प्रोसेसरची संख्या निवडण्याची चौकट आहे, तिलाही हात लावू नये. ती चाचणीसाठी संख्या कमी करण्याची सोय आहे. काही न निवडता विंडोज सगळे गाभे वापरतेच.

हे सगळे करून फिरत्या डिस्कचा संगणक किती सुधारेल? सुरुवातीचा खोळंबा बराच कमी होईल, काम करताना अडखळणे कमी होईल. पण त्या डिस्कचे सेकंदाला साठ तुकडे साठच राहतील. साधी साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला काही दहा हजार तुकडे सहज वाचते. २०१५च्या आसपासच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती त्याच जागी बसते आणि शक्य असेल तर सोबत रॅम आठ गिगाबाइट करून घ्यावी. खर्च करण्याची ऐपत असेल तर आधी हेच करावे, असे मी कोणालाही सांगेन. नसेल तर वरच्या मार्गाने जावे. टास्क मॅनेजरमध्ये काहीच वर दिसत नसताना संगणक मंद असेल तर पंख्यातली धूळ, तापलेला प्रोसेसर किंवा मरणपंथाला लागलेली डिस्क यांचा संशय घ्यावा, आणि शेवटच्या शक्यतेत सर्वांत आधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत काढावी.

विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. ज्यांचा संगणक विंडोज ११च्या अटींत बसतो त्यांनी तिकडे जाताना एवढे ध्यानात ठेवावे, की आवृत्ती बदलली की काही सर्व्हिसचे प्रकार मूळपदावर येतात आणि काहींची नावेही बदलतात. तेव्हा जुनी यादी तशीच न चालवता टास्क मॅनेजरपासून पुन्हा सुरुवात करावी.